फळीआडचा चेहरा

नागेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका मेलेल्या माणसाला कोट घालत होतो. माझा रोजचा धंदाच आहे तो. कुणाचे वडील जातात, कुणाची आत्या जाते, घरचे मोबाइलवर एक फोटो पाठवतात. त्यात त्या माणसाच्या अंगात बनियन असतं, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात असतो आणि पाठीमागं पाण्याचं पिंप असतं. मी पिंप काढतो, परका हात पुसतो, कोट चढवतो, मागं निळं आभाळ टाकतो. लग्नाचे अल्बम कमी झाल्यापासून स्टुडिओ या माणसांवरच चालतो म्हणा ना. तर त्या दिवशी फोनवर नाव नागेशचंच आलं, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हणालो, "बोला सर, आज कुणाचा उद्धार करायचा?" पलीकडं त्याची आई होती. "दत्ता, नागेश गेला रे," एवढंच ती म्हणाली, आणि मग फोन तसाच चालू राहिला. मागं बायकांचे आवाज येत होते... मी माउस धरून बसून राहिलो. पडद्यावरच्या माणसाचा कोट एकाच बाहीपर्यंत आला होता.

आता त्याला काही आठवडे झाले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि अम्मानं मला बोलावून घेतलं. नागेशच्या आईला आम्ही सगळेच अम्मा म्हणतो. मला वाटलं, नागेशचा फोटो मोठा करून हवा असेल, म्हणून मी दोन-तीन काढून ठेवले होते. तिनं ते पाहिलेसुद्धा नाहीत. "हेचा सावकाश कर," ती म्हणाली. "आदी हेच्या नान्नाचा दे. हा काम चालू हाय, काम चालू हाय म्हनत म्हनत गेला. आता तूच पुरा कर." नान्ना म्हणजे नागेशचे वडील. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली, आणि घरात त्यांचा एकही फोटो लागलेला नाही. कॅमेरा दिसला की ते उठून जायचे. आधार कार्डावरचा आहे एक, पण तो बघितला की अम्मा म्हणते, "ह्यो कुटला चोर?" एकच धड फोटो काय तो नागेशच्या लॅपटॉपमध्ये होता. तो का पुरा झाला नाही हे मला ठाऊक होतं, अम्माला ठाऊक नव्हतं. ते सांगायचं तर मागं जावं लागेल, आणि खरं सांगतो, मागं जायचा मला हल्ली कंटाळा येतो.

नागेश माझा शाळेपासूनचा बाकसोबती. शहराच्या पूर्व भागात त्यांचं घर, आणि घराला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये चादरीचे माग. मंगळवेढ्याहून शिकायला आलेला मी पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवायला गेलो तेव्हा त्या खटखटाटात मला घास गिळता येईना, आणि हा पठ्ठ्या त्याच आवाजात गणितं सोडवत होता. पुढं तो इंजिनिअर झाला, शहराबाहेरच्या एका कॉलेजात शिकवायला लागला, आणि मी अंधाऱ्या खोलीत फिल्मा धूत राहिलो. स्वभावानं तिरसट. माझ्या स्टुडिओत आला की भिंतीवरचे फोटो बघून नाक मुरडायचा. "दत्त्या, या बाईच्या नाकाची सावली डावीकडं आणि मंगळसूत्राची उजवीकडं. दोन सूर्य आहेत का तुझ्याकडं?" चहा मात्र माझ्याच पैशानं प्यायचा, तोही बशीत ओतून.

त्यानं ज्या विषयात उमेदीची वर्षं घालवली त्याला लाइट फील्ड म्हणतात. मराठीत काय म्हणायचं यावर आमचं कधी जमलं नाही. मला त्यानं समजावलं होतं ते असं. साधा कॅमेरा एका ठिपक्यावर पडलेला सगळा उजेड एकत्र कालवून टाकतो, मग कुठला किरण कुठून आला ते कळत नाही. याच्या कॅमेऱ्यात आत बारीक बारीक भिंगांची चादर असायची, आणि प्रत्येक किरण कुठल्या दिशेनं आला ते लिहून ठेवलं जायचं. त्यामुळं फोटो काढून झाल्यावरही पुढचं स्पष्ट करायचं की मागचं, हे ठरवता येतं. थोडं डावीकडून बघता येतं, थोडं उजवीकडून. "चिकाच्या पडद्यामागं माणूस बसलाय," तो म्हणायचा. "तू एका जागी बसून बघितलंस तर काड्याच दिसतात. मान जरा हलवलीस की प्रत्येक फटीतून थोडा थोडा माणूस दिसतो. ते सगळे तुकडे जोडले की पडदा नसल्यासारखा माणूस मिळतो. यात जादू काही नाही, नुसता हिशेब आहे." मी म्हणायचो, मग मी रोज फोटोतून माणसं काढतो ते काय वेगळं? त्यावर तो चिडायचा. माझ्या फोटोला एकच बाजू असते, त्याच्या फोटोला कितीतरी. एका बाजूनं कपाळावरची टिकली पुसली तर बाकी सगळ्या बाजूंनी ती पुसावी लागते, आणि टिकलीमागचं कपाळ सगळीकडं जुळावं लागतं. नाहीतर बघणाऱ्यानं मान हलवली की चोरी उघडी.

आता नान्नांचा फोटो. चादरींना उठाव राहिला नव्हता, आणि कापसाच्या तुसानं नान्नांची छाती भरून आली होती. रात्रंदिवस खोकायचे. नागेशची नोकरी पक्की झाली तेव्हा त्यानं एक दिवस जेवताना सांगून टाकलं, "नान्ना, माग विकू या." नान्ना "हूं" म्हणाले आणि ताटावरून उठले. बस्स. होय म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. भंगारवाला ठरला. तो येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी नान्ना नेहमीसारखे शेडमध्ये गेले आणि त्यांनी माग चालू केला. अम्मा माझ्या समोर म्हणाली होती, "उद्या भंगारात जायचं, आन् आज चादर इनतोय की ह्यो!" नागेश कॉलेजातून तो कॅमेरा घेऊन आला. मीही होतो, दिवा धरायला. तेवढ्यात ताण्याचा, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला, माग थांबला, नान्ना मागच्या बाजूला जाऊन धागा जोडायला वाकले, आणि नागेशनं हाक मारली, "नान्ना, इकडं बघा." त्यांनी वर बघितलं; ताण्याआडून आम्हा दोघांनाही चेहरा धड दिसला नाही. नागेशनं बटण दाबलं. नान्ना पुन्हा खाली वाकले. नंतर चहा झाला, दुसऱ्या दिवशी ट्रक आला, लोखंड गेलं, शेड रिकामी झाली. पुढच्या वर्षी नान्ना गेले. त्या मधल्या काळात बाप-लेक पाण्याबद्दल बोलले, लाइट बिलाबद्दल बोलले, मागांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या घराची रीतच तशी. जे लागलं असेल ते बोलायचं नाही.

नान्ना गेल्यावर नागेशनं तो फोटो उघडला. चेहऱ्यापुढं सगळा ताणा उभा. पांढऱ्या धाग्यांचं दाट जाळं आणि त्यामागं धूसर काहीतरी माणसासारखं. हे धागे काढायचे आणि मागचा चेहरा परत उभा करायचा, असं त्यानं घेतलं डोक्यात. डॉक्टरेटचा विषयही तोच केला. लोकांना वाटायचं, केवढं मोठं संशोधन चाललंय. मला माहीत होतं, बापाचं तोंड बघायचं चाललंय.

आधी तालीम हवी म्हणून त्यानं माझं एक लग्न नासवलं. मुलीकडच्यांनी मला फोटोचं काम दिलं होतं, हा आपला कॅमेरा घेऊन माझ्या मागं मागं. नवरीच्या मुंडावळ्या बघून त्याचे डोळे लकाकले. चेहऱ्यापुढं लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरी, मागं चेहरा... त्याला अगदी हवं तसं. घरी जाऊन त्यानं त्या सरी अशा सफाईनं काढल्या की कुठं मागमूस नाही. आणि माणूस इतका खुळा, की आनंदाच्या भरात मोठा प्रिंट काढून तो स्वतः मुलीच्या सासरी नेऊन दिला! सासूनं बघितलं आणि किंचाळलीच. ऐन अक्षता पडताना नवरीच्या कपाळी मुंडावळ्या नाहीत! "आमच्या सुनेला असं का केलं वो तुमी?" तिनं मला फोनवर विचारलं, आणि मी आधी समजावून, मग माफी मागून थकलो. नागेश मात्र माझ्या स्टुडिओत बसून शांतपणे म्हणाला, "एकही ठिपका खोटा भरलेला नाही रे. मागचं सगळं खरं होतं." सासूला खरं नको होतं, मुंडावळ्या हव्या होत्या, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आजही ते आठवलं की मी एकटाच हसतो, आणि मग सांगायला कुणी नाही म्हणून गप्प होतो.

धागे काढायला त्याला वर्षं लागली. त्या कॅमेऱ्यातून येणाऱ्या एकेका बाजूचं चित्र फार बारीक आणि दाणे उठलेलं. काही बाजू तर धड आल्याच नव्हत्या, त्या शेजारच्या बाजूंवरून पुन्हा बांधायच्या. धागा कुठं आहे हे अचूक कळल्याशिवाय तो काढता येत नाही, म्हणून आधी प्रत्येक धागा शोधायचा. तो कधी कधी दुपारचा माझ्याकडं येऊन खुर्चीत नुसता बसायचा. "झालं का?" "नाही." एवढंच बोलणं. मग एके दिवशी लॅपटॉप घेऊन आला, माझ्यासमोर उघडून ठेवला आणि स्वतः दाराकडं तोंड करून उभा राहिला. मी बघितलं. नान्ना होते. खरोखरच नान्ना. कपाळावरची शीर, भुवईतला पांढरा केस, कानावर अडकलेलं कापसाचं तूस. त्यांनी वर बघितलं होतं ती नजर... पण नाकाखाली चेहरा संपत होता. तिथं एक रुंद लाकडी फळी आडवी आली होती. कात्री आणि टॉवेल अडकवायला नान्नांनी ती मागाच्या अंगाला ठोकलेली. धाग्यांना फटी असतात, फळीला नाही. कुठल्याच भिंगाला तिच्यामागचं तोंड दिसलं नव्हतं.

"डोळे बघ," नागेश म्हणाला. "बारीक झालेत. हसताना होतात तसे."

मी म्हणालो, "मग हसतच असतील की."

"रागानंही होतात."

मग तो बसला आणि त्यानं पहिल्यांदा आणि शेवटचं सांगितलं. माग विकायला लावून आपण त्यांचं आयुष्य भंगारात घातलं, असं त्याला वाटत होतं. विकले नसते तर ते खोकून खोकून आणखी लवकर गेले असते, हेही त्याला पटत होतं. पण त्या एका क्षणी त्यांनी आपल्याकडं कसं बघितलं, तेवढं त्याला हवं होतं. माणूस एवढं शिकला, एवढी गणितं केली, आणि हवं काय तर बापाच्या ओठाचा कोपरा. मला त्याची दया आली आणि रागही आला. म्हटलं, अम्माला विचार. तर म्हणाला, "तिला काय विचारू? नान्ना माझ्यावर रागावून गेले का, असं? ती परत रडत बसेल." विचारलं नाही. म्हणालो ना, त्या घराची रीत.

मग त्याच्या किडन्यांनी दगा दिला. डायलिसिसच्या खाटेवर एका हाताला नळ्या आणि दुसऱ्या हाताखाली लॅपटॉप, असा तो मला शेवटची दोन वर्षं दिसत राहिला. फळी तो काढू शकत नव्हता, तरी तिचीच मापं घेत बसायचा. तिची जाडी, तिच्यावरचे खिळे, दसऱ्याला माग पूजताना तिच्यावर ओढलेली हळदकुंकवाची बोटं, सगळं त्यानं इतकं लख्ख करून ठेवलं होतं की हात लावावासा वाटावा. एवढ्यात नवी सॉफ्टवेअरं आली. आता मीच वापरतो. नको ते खोडा, मागचं यंत्र आपणहून भरून देतं. मी त्याला म्हणालो, "नागेश, अर्ध्या मिनिटात तोंड भरून देतो. अम्माचं समाधान होईल, तुझी सुटका होईल." त्याची बोटं सुजली होती, ओठ कोरडे पडले होते. तो म्हणाला, "यंत्रानं बघितलेत ते सगळे कॅमेऱ्यापुढं हसणारे लोक. ते नान्नांना हसवणार. आणि दत्त्या, मी त्यावर विश्वास ठेवीन." नर्स येऊन काहीतरी तपासून गेली. मी उठलो तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. आमची ती शेवटची भेट.

आणि आता अम्मा म्हणते, तूच पुरा कर.

लॅपटॉप स्टुडिओत आणला आणि दोन-तीन दिवस त्याला हातच लावला नाही. मग एका सकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बसलो आणि फळीवर रेघ मारून यंत्राला म्हटलं, भर. नान्ना हसले. पुन्हा भर म्हटलं, तर ओठ घट्ट मिटलेले, संतापलेले. तिसऱ्यांदा तर दात दाखवत होते, आणि नान्नांचे पुढचे दात पडलेले होते हे मला पक्कं आठवत होतं. प्रत्येक तोंड त्या डोळ्यांना तंतोतंत बसत होतं, हेच भयंकर. मी आयुष्यभर हेच केलं आहे, लोकांच्या बापांना कोट घातले, आणि त्यांच्या घरच्यांनी हात जोडून आभार मानले. त्यात पाप आहे असं मला आजही वाटत नाही. पण या एका माणसाच्या तोंडाशी माझा हात चालेना. मी सगळी तोंडं पुसून टाकली, नागेशनं ठेवला होता तसाच फोटो छापला, फळीसकट, आणि मनात म्हटलं, अम्मा चिडली तर चिडली.

गेलो तो नळाला पाणी येण्याचा दिवस. गल्लीभर मोटारींची घरघर, अम्मा घागरी भरत होती. मला थांबवून तिनं आधी पाणी भरून घेतलं, मग पदराला हात पुसत फोटो घेतला, उजेडाला धरला. नवऱ्याच्या डोळ्यांवर तिची नजर फिरली, भुवईवर, कानावर. मी सफाई द्यायला लागलो, "अम्मा, तोंड झाकलंय, ती फळी मधी आली, तिच्यामागचं नागेशला काढता येईना..."

"ही फळी व्हय?" ती म्हणाली. "ही तर वर हाय की."

मला कळेना. ती गुडघे धरत जिना चढून नागेशच्या खोलीत गेली, मी मागोमाग. टीचभर खोली. एक टेबल, एक खुर्ची, आणि टेबलाच्या वर भिंतीला बसवलेलं एका फळीचं पुस्तकांचं फडताळ, खालच्या अंगानं हिरवा रंग मारलेलं. मी त्याच्याखाली कितीदा उभा राहिलोय. अम्मानं मला स्टुलावर चढवलं आणि पुस्तकं बाजूला करायला लावली. खाली वर्तमानपत्राचे थर होते, एकावर एक अंथरलेले. ते मी सोलत गेलो, आणि शेवटच्या कागदाखाली हळदकुंकवाची बोटं लागली. वाळून काळपट झालेली, पण तीच. लॅपटॉपवर मी ती इतक्यांदा पाहिली होती की चुकणं शक्य नव्हतं.

"भंगारवाला आला तवा हेनी ती काडून ठिवली," अम्मा खालून सांगत होती. "नागेश परीक्षेच्या कामाला पुन्याला गेलता. तेवड्यात हितं बसवली. खोकत खोकत रंग मारला. म्हनले, पोराची पुस्तकं जमिनीवर पडत्यात, बरं न्हाई. पूजेची बाजू वर ऱ्हाऊ दे, पुस्तकाखाली. आन् त्येला सांगू नको, इकत आनली म्हन."

"मग अम्मा, नंतर तरी सांगायचं."

"कशाला? फळीचं काय सांगायचं असतंय?" मग ती थांबली. "का रे, त्येला काय बघायचं हुतं फोटोत?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "नान्ना रागावले होते का, ते."

अम्मा भिंतीला टेकली. एवढ्या दिवसांत, मयताच्या दिवशीसुद्धा, मी तिला असं बघितलं नव्हतं. "रागावला असता," ती म्हणाली, "तर चुलीत घातली असती की ती." आणि मग तोंडाला पदर लावून ती मोठ्यानं रडायला लागली, नवऱ्यासाठी की मुलासाठी ते मी कसं सांगू... मलाही आवरेना. मी स्टुलावरच उभा राहिलो, फळीवर हात ठेवून. खाली उतरलो असतो तर नागेशच्या खुर्चीत बसावं लागलं असतं. खोलीत दुसरी जागाच नव्हती.